थंड आणि कोरड्या जागी ठेवावे

३ फेब्रुवारी

विहीणबाई, सप्रेम नमस्कार.

पत्रासोबत एक खोकं पाठवते आहे. घाबरू नका. मुलांचं लग्न झाल्यापासून आपण दोघी फोनवर ‘बरं आहे ना?’ आणि ‘बरं आहे’ याच्या पलीकडे काही बोललेलो नाही. आता अचानक कुरिअरने खोकं आलं म्हणजे इकडे काहीतरी शिजतंय, असं तुम्हाला वाटणार. शिजत काही नाही. मी शिकते आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी प्राण्यांच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीत बसते. कुत्रं येतं, मांजर येतं, मी त्यांचं वय, वजन आणि कुणाला चावलं ते विचारून घेते. ही सगळी माहिती सर्व्हरमध्ये जाते. सर्व्हर म्हणजे दवाखान्याचा मुख्य कॉम्प्युटर. जिन्याखालच्या कपाटात, कुत्र्यांच्या खाण्याच्या पोत्यांशेजारी तो बिचारा बसलेला असतो. आमच्या डॉक्टरांच्या डोक्यात आलं की सर्व्हर सांभाळायचं काम एका बाहेरच्या कंपनीला द्यायचं. आणि ती कंपनी म्हणते, खिडकीत बाई कशाला, कॉम्प्युटरचा एक पडदा लावू, लोक आपापली नोंद स्वतःच करतील! म्हणजे सर्व्हरबरोबर मीही गेले.

मी म्हटलं, थांबा, सर्व्हर सांभाळायचं मी शिकते. डॉक्टर हसले, पण शब्द दिला. एप्रिलच्या परीक्षेत पास होऊन सर्टिफिकेट आणलं तर सर्व्हर माझा आणि खिडकीही माझी. नाही आणलं तर दोन्ही कंपनीची. तेव्हा दर रविवारी क्लासला जाते. वर्गात सगळ्यांत मोठी मीच. क्लासचे सरसुद्धा आपल्या जावयाच्या, म्हणजे माझ्या मुलाच्या वयाचे.

सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, माहितीची एक प्रत नेहमी परगावी ठेवावी, म्हणजे इथे आग लागली तरी ती वाचते. आता परगावी मला तुमच्याशिवाय कोण आहे? मुलं तर समुद्रापलीकडे. मी कपाट उघडून पाहिलं, तर सर्व्हरच्या पोटात दोन डिस्क, अगदी जुळ्या. दोन्हींत तेच ते भरलेलं. एवढी तयार प्रत असताना नवी काढायची कशाला? एक खेचली, सहज निघाली, तीच खोक्यात घातली आहे.

थंड आणि कोरड्या जागी ठेवावी. लोहचुंबकापासून लांब ठेवावी. उघडू नये. कुणाला सांगू नये, मुलांना तर मुळीच नको, उगीच हसतील.

आपली,
विहीण

९ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

खोकं पोचलं. कुरिअरवाल्याने विचारलं, आत काय आहे? मी म्हटलं, कुत्री-मांजरं. तो दोन पावलं मागे सरला आणि सही न घेताच गेला.

तुम्ही लिहिता, उघडू नका, कुणाला सांगू नका, मुलांना मुळीच नको. विहीणबाई, मी शिवणकाम करते. लोक माझ्याकडे मापं द्यायला येतात आणि घरची भांडणं ठेवून जातात. त्यामुळे सरळच विचारते, त्यात दागिने आहेत का? असले तरी हरकत नाही. माझी लेक तुमच्या घरात दिली आहे, म्हणजे माझाही थोडासा संबंध येतोच.

माझ्या घरात थंड आणि कोरडी अशी एकच जागा आहे, फ्रिजचा बर्फाचा कप्पा. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात घालून, घट्ट झाकण लावून ठेवली आहे. दुकानातल्या टाचण्या गोळा करायचा लोहचुंबक शेजारणीकडे दिला. आता टाचण्या मी जमिनीवर बसून बोटांनी वेचते. गुडघे तुमची आठवण काढतात.

इतक्या गारठ्यात त्या डिस्कला उघडं ठेवायला जीव होईना, म्हणून कापूस भरून तिला एक झबलं शिवलं. माप घ्यायला खोकं उघडावं लागलं, त्याबद्दल माफी असावी. दागिने नाहीत हे पाहिलं. तो विषय संपला.

अभ्यास करा. मात्र या वयात डोळ्यांना जपा. दिवा डावीकडून घ्यावा.

आपली,
विहीण

२० फेब्रुवारी

विहीणबाई, सप्रेम नमस्कार.

दागिन्यांबद्दल वाचून मी खिडकीत एकटीच हसत बसले, तर समोरच्या बाईंना वाटलं मी त्यांच्या कुत्र्याला हसते. झबल्याबद्दल मनापासून आभार. सर म्हणतात सर्व्हरला गारवा लागतो, म्हणजे त्याच्या डिस्कला फ्रिज उत्तमच. तुम्हाला यातलं जन्मजातच कळतं असं दिसतं.

गेल्या रविवारी पासवर्ड शिकलो. सोमवारी मी दवाखान्यातल्या सगळ्यांचे पासवर्ड बदलून टाकले. बारा अक्षरं, त्यात एक आकडा आणि एक चिन्ह, आणि तीनदा चुकलं की दार बंद. डॉक्टर तीनदा चुकले. टेबलावर भूल दिलेला बोका, बोक्याचा एक्स-रे सर्व्हरमध्ये, आणि डॉक्टर दाराबाहेर! मी पळत येऊन दार उघडेपर्यंत बोका शुद्धीवर आला. डॉक्टर अजून आलेले नाहीत. माझ्याशी ते चिठ्ठीतून बोलतात.

एक गंमत सांगते. तुम्हाला खोकं पाठवलं त्याच दिवसापासून सर्व्हर बोलायला लागला आहे. मधूनमधून ‘टीं टीं टीं’ करतो आणि एक नारिंगी दिवा लावतो. एक डिस्क कमी झाल्यामुळे हलकं वाटत असावं. पण तो टीं टीं करायला लागला की बाहेर बसलेली सगळी कुत्री गळा काढतात. त्यातच एक मैना सध्या मुक्कामाला आहे, तिचे मालक प्रवासाला गेलेत. तिने तो आवाज चार दिवसांत उचलला. आता सर्व्हर कुठला आणि मैना कुठली, हे मलाही कळत नाही. डॉक्टरांना वाटतं सगळा कारभार मैनेचाच आहे. तिला त्यांनी मागच्या खोलीत हलवलं आणि पिंजऱ्यावर चादर टाकली. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी मात्र गप्प बसले. परीक्षा तोंडावर आली असताना सर्व्हरविरुद्ध तक्रार कोण करणार? कपाटात त्याच्यासमोर एक उशी लावून ठेवली आहे.

आपली,
विहीण

१ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

बोक्याचं पुढे काय झालं ते तुम्ही लिहिलं नाहीत. तुमचं पत्र मी शेजारणीला मोठ्याने वाचून दाखवते. आता ती जिन्यात गाठते आणि विचारते, शुद्धीवर आल्यावर बोका डॉक्टरांना चावला की नाही? पुढच्या पत्रात आधी ते लिहा.

दुसरं, तुम्हाला राग येईल, पण लिहिते. माझं शिलाईचं मशीन आवाज करायला लागलं की मी त्याला उशी लावत नाही. तेल हवं का, सुई बदलायची का, ते बघते. मला सर्व्हरमधलं काही कळत नाही, तुम्ही म्हणता तसं जन्मजातसुद्धा नाही. पण जो खोकं निघाल्या दिवसापासून ओरडतो आहे, तो हलकं वाटतं म्हणून ओरडत असेल, हे मला पटत नाही. माझी लेक सासरी गेली तेव्हा मलाही घर हलकं वाटत नव्हतं. सरांना विचारून बघा.

आणि त्या मैनेवरची चादर काढा.

आपली,
विहीण

१४ मार्च

विहीणबाई,

आधी बोका. चावला. डॉक्टरांच्या अंगठ्याला. नोंद मीच केली.

आता पुढचं. रविवारी सरांना विचारलं. मी म्हटलं, सर, समजा एखाद्याच्या सर्व्हरमध्ये दोन जुळ्या डिस्क आहेत, आणि समजा एखादीने त्यातली एक काढून विहिणीला पाठवली, तर? सर आधी हसले. मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले.

त्या दोन डिस्क म्हणजे प्रत नव्हे हो! त्या जोडीने काम करतात. एक मेली तर दुसरीने दवाखाना सावरायचा, म्हणून दोन. प्रत काढायची ती वेगळ्या, तिसऱ्या डिस्कवर, आणि ती परगावी पाठवायची. मी धडधाकट जोडी फोडून सर्व्हरला एका पायावर उभा केला आणि तो महिनाभर मदतीसाठी ओरडत होता. आणि मी त्याला उशी लावली! आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा, याचा क्लास आता मीच काढावा. तुमचं म्हणणं शब्दन्‌शब्द खरं निघालं, हे लिहायला मला फार जड जातंय, तरी लिहिते.

अजून काही बिघडलेलं नाही, दुसरी डिस्क चालू आहे. तुम्ही ती डिस्क गुपचूप परत पाठवा, मी गुपचूप बसवते, कुणाला

वरचं पत्र काल तिथेच सोडलं, कारण कुत्री घेऊन लोक आले. आज सकाळी दार उघडलं तर टीं टीं बंद. मला आनंद झाला. मग लक्षात आलं, सगळंच बंद आहे. दुसरी डिस्क गेली. जुनीच होती, एकटीला झेपलं नाही.

सगळ्या प्राण्यांची सगळी माहिती आता फक्त तुमच्या फ्रिजमध्ये आहे. मी डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी कंपनीचा माणूस बोलावला आहे, तो उद्या कागद घेऊन येतोय. तोवर डिस्क आली आणि चालली तर मला परीक्षेला बसू देणार. नाहीतर त्याच दिवशी सही होणार आणि खिडकी गेली. विहीणबाई, मला त्या खिडकीत बसायला फार आवडतं. हे मी कधी कुणाला बोलले नव्हते.

हे पत्र आजच्या आज पोचावं म्हणून कुरिअरवाल्याच्या हाती दिलं आहे. तुम्हीही तसंच करा, हात जोडते.

आपली,
विहीण

१५ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

कुरिअरवाला दारात उभा आहे म्हणून चार ओळी. डबा फ्रिजमधून काढला तसाच, झाकणही न उघडता, वर्तमानपत्रात गुंडाळून, दोरा घालून दिला आहे. गाठ माझी आहे, सुटायची नाही, कात्रीने कापा. तुमची खिडकी कुठे जात नाही. निर्धास्त राहा.

घाईत,
विहीण

१६ मार्च

आदरणीय विहीणबाईंना सादर नमस्कार.

आपण पाठवलेला डबा आज सकाळी पोचला. आपली गाठ खरोखरच पक्की होती. ती कापताना माझ्या एका बाजूला डॉक्टर होते, दुसऱ्या बाजूला कंपनीचा माणूस टाय लावून उभा होता, आणि मागे मलमपट्टी करणारा ड्रेसर, झाडूवाल्या बाई आणि एक आजारी कासव घेऊन आलेले गृहस्थ. मी सर्वांना सांगितलं, बघा, याला म्हणतात परगावची प्रत. आणि झाकण उघडलं.

मटार.

सोललेले, हिरवेगार, साधारण अर्धा किलो. प्रवासात बर्फ वितळून पाणी सुटलं होतं. कंपनीच्या माणसाने आत वाकून पाहिलं आणि मला अतिशय सभ्यपणे विचारलं, “मॅडम, यांत नेमकं कुठे जोडायचं?” कासववाले गृहस्थ म्हणाले, जोडायचं नसेल तर आमचं हे खाईल. खाल्ले. त्याला चार दिवस भूक नव्हती, तेवढं एक पुण्य आपल्या खात्यात जमा करावे.

डॉक्टरांनी मला उद्या संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. ती माझ्यावरच्या विश्वासाने नव्हे. हसून हसून त्यांच्याने सही होईना, म्हणून.

आपल्याला दोष देत नाही. फ्रिज आपला, मटार आपले, मूर्खपणा माझा.

आपली नम्र,
विहीण

२४ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

काल घरी पोचले. तुमचं ते मटारचं पत्र माझ्या दाराखाली पडलेलं होतं, ते आत्ता वाचलं. म्हणजे ते इकडे येत होतं तेव्हा मी तिकडे येत होते. बरं झालं. आधी वाचलं असतं तर आले नसते.

झालं असं की कुरिअरवाला गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी मटार शिजवायला डबा काढला आणि आत झबलं. दोन्ही डबे आइस्क्रीमचे, दोन्हींवर बर्फ चढलेला! पुन्हा कुरिअरवर विश्वास ठेवायची सोय नव्हती, कारण चूक कुरिअरची नव्हती. गारवा टिकावा म्हणून डब्याभोवती बर्फ बांधला, तो मांडीवर घेतला आणि मिळेल त्या बसने निघाले. शेजारच्या माणसाने विचारलं, आइस्क्रीम का? मी म्हटलं, नाही, कुत्री-मांजरं. पुढचा सगळा रस्ता मला दोन सीट मिळाल्या.

तुम्ही तर कपाटात डोकं घालून बसला होतात, म्हणून मी काय पाहिलं ते सांगते. मी डबा पुढे केला आणि म्हटलं, लावा पटकन. तो टायवाला हात पुढे करून आलाच. तर तुम्ही त्याच्या हातावर फटका मारलात! “थंडगार डिस्क अशी लावायची नसते. तिला घाम सुटतो. घाम आत गेला की संपलं. आधी ती खोलीसारखी कोमट होऊ दे.” आणि डॉक्टरांसकट सगळ्यांना तुम्ही बाहेर काढलंत. त्या क्षणी मला वाटलं, या बाई पास होणार. बोलले नाही, कारण तुम्ही मलाही बाहेर काढलं होतं.

मग तुम्ही मला एकटीला आत बोलावलंत आणि आपण दोघी त्या डिस्कजवळ बसलो, बाळंतिणीच्या खोलीत बसावं तशा. तुम्ही सारखा हात लावून बघत होतात. मी झबलं वाळत घातलं. आणि शेवटी तुम्ही ती आत सरकवलीत, काहीतरी टाइप केलंत, चुकलात, स्वतःलाच रागावलात, पुन्हा केलंत, आणि पडद्यावर त्या बोक्याचं जुनं वजन आलं. तुम्ही रडायला लागलात. मीही रडले, आणि मी तर त्या बोक्याला ओळखतही नाही.

मधल्या दिवसांच्या नोंदी पावत्यांवरून पुन्हा भरायच्या होत्या, तेव्हा मी वाचत होते आणि तुम्ही टाइप करत होतात. ‘ससा, दात वाढले.’ ‘कुत्रा, मोजा गिळला.’ ‘तोच कुत्रा, दुसरा मोजा.’ इतकी मजा मला गेल्या कित्येक वर्षांत आली नव्हती.

आता खरं सांगते. घरी येऊन बर्फाचा कप्पा उघडला तर तिथे मोठी मोकळी जागा. डिस्क तुमच्याकडे गेली, म्हणजे आता पत्र लिहायला काही कारण राहिलं नाही. मला ते फार लागलं. शेजारीणही विचारते, मैनेचं पुढे काय झालं?

परीक्षेला जाताना पोटभर खाऊन जा.

आपली,
विहीण

२२ एप्रिल

विहीणबाई,

मैनेचं आधी. सरांच्या देखरेखीखाली सर्व्हरला दुसरी नवी डिस्क लावली, जोडी पुन्हा जमली, नारिंगी दिव्याचा हिरवा झाला. मी घरी येऊन निवांत झोपले. दुसऱ्या दिवशी कपाटापाशी गेले तर ‘टीं टीं टीं’! डॉक्टर धावत आले, मी सर्व्हर उघडला, सगळं ठीक, तरी टीं टीं. मागच्या खोलीत मैना बसून आमची मजा बघत होती. तिच्यावरची चादर मी तुमच्या सांगण्यावरूनच काढली होती. मालक आले तेव्हा ते म्हणाले, हिला हे कुणी शिकवलं? मी कानांवर हात ठेवले.

आता परीक्षा. हॉलमध्ये सगळी पोरं, पडद्यावर एकामागून एक प्रश्न. निम्मे येत होते, निम्म्यांचा अंदाज करत होते. आणि मग हा आला: ‘सर्व्हरच्या दोन जोड-डिस्कपैकी चालू असलेली एक काढून घेतल्यास काय होईल?’ खाली चार उत्तरं. मी इतक्या जोरात हसले की पर्यवेक्षक बाई उठून आल्या. त्यांना काय सांगू? उत्तरांत मैना नव्हती, कासव नव्हतं, मटार नव्हते. पण बरोबर उत्तर मला झोपेतही आलं असतं. त्याच्या पुढचा प्रश्न, प्रत कुठे ठेवावी. त्याच्या पुढचा, थंड डिस्क लावण्याआधी काय करावं. विहीणबाई, अर्धी परीक्षा तुमच्या फ्रिजमधून आली होती.

पास झाले! काठावर, अगदी काठावर, पण पास. डॉक्टरांनी कंपनीचे कागद फाडले आणि ते तुकडे उंदराच्या पिंजऱ्यात अंथरायला दिले. खिडकी माझी आहे. त्यांनी मला कपाटाची किल्लीही दिली आणि जरा अदबीने विचारलं, “माझा पासवर्ड थोडा सोपा करता येईल का?” मी म्हटलं, नाही.

सोबत दोन गोष्टी पाठवते आहे. एक, नवी डिस्क. या वेळी खरी प्रत, नीट काढलेली, तपासलेली, सर्व्हरच्या अंगाला हात न लावता. दर महिन्याला नवी येईल, जुनी तुम्ही परत पाठवायची, पत्रासकट. डॉक्टरांनी मान्यता दिली आहे, तेव्हा कारण नाही म्हणून पत्र लिहिलं नाही, ही सबब आता चालणार नाही.

दुसरी गोष्ट सर्टिफिकेट. सर म्हणाले, फ्रेम करून खिडकीत लावा. खिडकीत मी झेरॉक्स लावली आहे. सरांनीच शिकवलंय, जे सगळ्यांत मोलाचं, ते परगावी, भरवशाच्या माणसाकडे ठेवावं. अस्सल तुमच्याकडे.

दोन्ही कपाटात ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका.

तुमची,
विहीण

२९ एप्रिल

प्रिय विहीणबाई,

दोन्ही वस्तू पोचल्या. कुरिअरवाल्याला मी या वेळी खरं ते सांगितलं, आमच्या विहीणबाई पास झाल्या. त्याने आत येऊन पाणी घेतलं आणि सर्टिफिकेट दोन्ही बाजूंनी वाचलं. मागची बाजू कोरी आहे.

डिस्क कपाटात ठेवली आहे, नवं झबलं शिवून. जुनं थोडं आटलं होतं. फ्रिजमधल्या डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘मटार’ लिहिलं आहे आणि कपाटातल्या डब्यावर ‘मटार नव्हे’.

सर्टिफिकेट काही कपाटात ठेवलं नाही. तिथे कोण बघणार? फ्रिजमध्ये ठेवू नका म्हणालात, म्हणून त्याच्या दारावर लावलं, बरोबर मधोमध. रोज सकाळी दूध काढताना तुमचं नाव वाचते. शेजारणीला तर दिवसातून दोनदा काहीतरी उसनं न्यायला यावं लागतं.

सर्टिफिकेट दारावर टिकावं म्हणून तिच्याकडून लोहचुंबक परत आणला आहे. कागदाला लोहचुंबक चालतो ना? लगेच कळवा, तोवर मी हाताने धरून उभी आहे.

तुमचीच,
विहीण